जिनिव्हाला चांदीप दिसतं का? आदिवासींच्या हक्कांवर जग लक्ष ठेवतं म्हणजे नेमकं काय होतं

दरवर्षी ९ ऑगस्टला पालघर जिल्ह्यातले रस्ते भरून जातात. तारपा वाजतो, मिरवणुका निघतात, सकाळपासून मोबाइलवर जागतिक आदिवासी दिनाच्या शुभेच्छा फिरायला लागतात. आपल्याकडे हा ऑगस्ट क्रांती दिनही असतो, त्यामुळे ही तारीख एखाद्या उठावाची किंवा हुतात्म्याची असावी असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. ही तारीख एका बैठकीची आहे.

९ ऑगस्ट १९८२ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी समूहांविषयीचा कार्यगट पहिल्यांदा बसला. काम दोन प्रकारचं होतं. जगभरातल्या आदिवासींचं काय चाललंय याचा आढावा घ्यायचा आणि त्यांच्या हक्कांची मानकं ठरवायची. १९९४ च्या डिसेंबरात महासभेनं त्या बैठकीची आठवण म्हणून ९ ऑगस्ट हा दिवस जाहीर केला. म्हणजे ज्या दिवशी तारपा वाजतो, तो दिवस मुळात सरकारांवर नजर ठेवण्याचा आहे.

मग ही नजर विरारच्या पूर्वेला महामार्गापलीकडे मांडवीजवळ असलेल्या चांदीपपर्यंत पोहोचते का? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधताना राज्यघटना, महापालिका, जागतिक बँक आणि जपानचं कर्ज असं सगळं वाटेत येतं.

कागदावर एकाच वेळी दोन गावं

१९८५ साली राष्ट्रपतींच्या आदेशानं महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं नव्यानं ठरली. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके पूर्ण आले. वसई तालुका पूर्ण आला नाही, पण पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातली ४५ गावं आली. त्यात मांडवी आहे, शिरसाड आहे, पेल्हार, वालीव, धानीव आहेत आणि चांदीपही आहे. घटनेच्या पाचव्या अनुसूचीचं संरक्षण या गावांना आहे. इथल्या कारभाराची विशेष जबाबदारी राज्यपालांवर येते.

पुढे १९९६ साली पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला त्यानं खरे अधिकार दिले. जमीन संपादित करण्याआधी तिच्याशी सल्लामसलत करावी लागते, गौण वनोपजावर तिची मालकी, सावकारीवर आणि दारूविक्रीवर तिचं नियंत्रण. महाराष्ट्राचे पेसा नियम ४ मार्च २०१४ चे. त्यात एखादा पाडासुद्धा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो.

पण त्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार शहर महापालिका झाली आणि चांदीपच्या पत्त्यात शहर आलं. आता गंमत बघा. पेसा कायदा हा पंचायतींचा कायदा आहे. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत संपते, आणि पेसानं जिला अधिकार दिले ती ग्रामसभाच उरत नाही. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी राज्य सरकार पेसा ग्रामपंचायतींना थेट देतं. ग्रामपंचायतच नसेल तर तोही येत नाही. पाचव्या अनुसूचीतून मात्र गाव बाहेर पडत नाही, कारण ते राष्ट्रपतींच्या आदेशाशिवाय होऊच शकत नाही. म्हणजे एका कागदावर चांदीप अनुसूचित क्षेत्र आणि दुसऱ्या कागदावर २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या असलेल्या शहराचा एक कोपरा.

घटनेत याचा विचार झालाच नव्हता असं नाही. कलम २४३ झेडसी स्पष्ट सांगतं की नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्रांना लागू होणार नाही, तो लागू करायचा असेल तर संसदेनं कायदा करावा, त्यात हवे ते फेरफार करावेत. पंचायतींसाठी भुरिया समितीच्या शिफारशींवरून पेसा झाला. शहरी भागासाठीही या समितीनं १९९५ मध्येच अहवाल दिला होता, २००१ साली विधेयकही आलं. कायदा झाला नाही. डहाणू आणि जव्हारच्या नगरपरिषदा, तलासरी-मोखाड्याच्या नगरपंचायती आणि वसई-विरारच्या पूर्वेकडचा पट्टा, सगळं राज्याच्या नगरपालिका-महापालिका कायद्यांवर चाललंय.

२९ गावं महापालिकेतून वगळण्याचा वाद वसईकरांना तोंडपाठ आहे. २०११ साली सरकारनं गावं वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं, २०२४ साली सरकारनं तोच निर्णय फिरवला. बातम्यांमध्ये हा वाद बहुतेक वेळा पश्चिमेकडच्या बागायती गावांचा, हिरव्या पट्ट्याचा आणि घरपट्टीचा म्हणून येतो. पूर्वेच्या आदिवासी पट्ट्यातली गावंही त्यात होती, आणि त्यांच्यासाठी प्रश्न घरपट्टीपेक्षा मोठा होता. त्यांच्या हातातून ग्रामसभा जाणार की राहणार, हा तो प्रश्न. त्यावर चर्चा फारशी झाली नाही.

भारत जगाला काय सांगतो

आता जिनिव्हाकडे. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं आदिवासी समूहांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १४४ देश बाजूनं, ४ विरोधात, ११ तटस्थ. विरोध करणारे होते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. नंतर या चौघांनीही भूमिका बदलली. भारतानं बाजूनं मत दिलं, पण सोबत एक खुलासा जोडला. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात असलेली सगळी जनता आणि तिचे वंशज हेच इथले मूळ रहिवासी आहेत, असं भारताचं म्हणणं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. भारतानं 'हो' म्हटलं, पण 'हे आमच्याकडच्या एखाद्या वेगळ्या समाजाबद्दल नाही' असंही म्हटलं. भारतात 'अनुसूचित जमाती' हा घटनेतला शब्द आहे. तो स्वीकारला की पाचवी अनुसूची, आरक्षण, पेसा, वनहक्क कायदा हे सगळं येतं. 'इंडिजिनस' हा आंतरराष्ट्रीय शब्द स्वीकारला की मात्र भूमीवरचा पहिला हक्क, स्वनिर्णय आणि आगाऊ संमती हे शब्द मागून येतात. दिल्लीला पहिली यादी चालते, दुसरी नको असते. मराठीत तर आणखी गोंधळ आहे, कारण 'मूळनिवासी' या शब्दाला इथल्या राजकारणात वेगळाच अर्थ चिकटला आहे. वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा स्वतःला आदिवासीच म्हणतात.

या शब्दांच्या खेळामुळे भारत मोकळा सुटतो का? पूर्ण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा करार क्रमांक १०७ आदिवासी आणि आदिम समूहांविषयी आहे, आणि भारतानं तो १९५८ मध्येच मंजूर केला. परंपरेनं वहिवाटीत असलेल्या जमिनीवर या समूहांची मालकी मान्य करा, असं तो करार सांगतो. त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध हलवू नका, अपवाद म्हणून हलवावंच लागलं तर किमान तेवढ्याच चांगल्या प्रतीची जमीन द्या, हेही त्यात आहे. १९८९ साली याची सुधारित आवृत्ती आली, करार क्रमांक १६९. तो भारतानं मंजूर केलेला नाही. जुना करार जुनाट भाषेत लिहिलेला आहे, आदिवासींना हळूहळू 'मुख्य प्रवाहात' आणायचं असा त्याचा सूर आहे. तरी भारतावर तो आजही बंधनकारक आहे.

वंशभेदाविरुद्धचा करारही भारतानं १९६८ मध्ये मंजूर केला. त्याच्या समितीनं २००७ साली भारताचा आढावा घेतला तेव्हा आदिवासींच्या जमिनीवरच्या हक्काची अंमलबजावणी पुरती होत नाही, असं स्पष्ट लिहिलं. संमती न घेता रेटलेल्या प्रकल्पांत नाव आलं मणिपूरसह ईशान्येकडच्या धरणांचं आणि अंदमानच्या रस्त्याचं.

हीच नावं का? देखरेखीची खरी यंत्रणा इथे कळते. समितीचे सदस्य मणिपूरला जात नाहीत. सरकार आपला अहवाल पाठवतं, संघटना त्याच्या शेजारी आपला पर्यायी अहवाल ठेवतात, आणि समिती दोन्ही वाचून प्रश्न विचारते. ज्या भागातून इंग्रजीत, वेळेत, पुराव्यासह कागद जातो तो भाग जिनिव्हाला दिसतो. जिथून जात नाही तो दिसत नाही.

आणि सरकारनं अहवालच उशिरा पाठवला तर घड्याळही थांबतं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराखाली भारताचा आढावा १९९७ मध्ये झाला, त्यानंतर थेट जुलै २०२४ मध्ये. मधे २७ वर्षं. पहिल्या आढाव्याच्या वर्षी पाड्यावर जन्मलेल्या मुलीची मुलं दुसऱ्या आढाव्यापर्यंत शाळेत जायला लागलेली असू शकतात.

आदिवासींच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक विशेष प्रतिनिधीही असतो, २००१ पासून. पण तो कुठल्याही देशात सरकारच्या निमंत्रणाशिवाय अधिकृत दौरा करू शकत नाही. २००१ ते २०२० या काळातल्या तिन्ही प्रतिनिधींपैकी कुणाचाही अधिकृत दौरा भारतात झाला नाही.

मणिबेलीमुळे जे झालं

मग हे सगळं दात नसलेलं आहे का? महाराष्ट्राकडेच याचं उलटं उदाहरण आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं, तेव्हाच्या धुळ्यातलं, मणिबेली.

सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं येत होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली हे बुडणारं पहिलं. धरणाला जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. आदिवासींविषयी बँकेचं स्वतःचं धोरण १९८२ पासून होतं, आणि भारत करार १०७ नं बांधलेला होता. नर्मदा बचाव आंदोलनानं आणि बाहेरच्या देशांतल्या त्यांच्या समर्थकांनी हीच दोन टोकं धरली. तुमचेच नियम तुम्ही पाळता का, एवढाच प्रश्न.

१९९१ मध्ये बँकेला स्वतंत्र आढावा समिती नेमावी लागली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, उपाध्यक्ष कॅनडाचे थॉमस बर्जर. बर्जर यांनी सत्तरच्या दशकात मॅकेंझी खोऱ्यातल्या पाइपलाइनची चौकशी करताना गावोगाव जाऊन तिथल्या आदिवासींचं म्हणणं ऐकलं होतं. ही समिती नर्मदेच्या काठी आली. जून १९९२ च्या अहवालात तिनं बँकेला मागे सरकून नव्यानं विचार करायला सांगितलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जागतिक बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं, जिथे प्रकल्पग्रस्त थेट तक्रार करू शकतात. अशा प्रकारची ती जगातली पहिली व्यवस्था. १९९४ साली जगभरातल्या ३२६ संघटनांनी सही केलेल्या जाहीरनाम्याला नाव दिलं गेलं ते मणिबेलीचं.

धरण थांबलं का? नाही. ते पूर्ण उंचीचं झालं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. मणिबेलीनं जगाला तक्रारीची खिडकी दिली, पण स्वतःचं गाव वाचवू शकली नाही. या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, आणि ९ ऑगस्टच्या भाषणांत ती क्वचित येते.

वसईचा स्वतःचा धडा

वसई तालुक्यालाही आंतरराष्ट्रीय नजरेचा अनुभव आहे, पण वेगळ्या वाटेनं. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेऊन त्या बदल्यात मालकाकडे राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. बहुतेक जण आदिवासी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, आणि सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९५४ मध्येच मंजूर केलेला. तरी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईपासून तासा-दीड तासावर माणसं गहाण पडलेली होती. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसईतल्या दहिसर गावापासून त्यांना सोडवण्याचं काम सुरू केलं. १९८२ मध्ये, म्हणजे जिनिव्हातला तो कार्यगट बसला त्याच वर्षी, श्रमजीवी संघटना उभी राहिली. १९९९ चा लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार या दोघांना मिळाला.

पण वेठबिगार सुटले ते पुरस्कारामुळे नव्हे. तहसीलदाराकडे अर्ज, मुक्तीचा दाखला, पुनर्वसनाची रक्कम, मालकावर खटला अशा एकेका कागदानं ते सुटले. श्रम संघटनेची तज्ज्ञ समिती भारताला वर्षानुवर्षं विचारत राहिली की किती वेठबिगार सापडले, किती सुटले, किती मालकांना शिक्षा झाली. त्या प्रश्नाला वजन आलं ते खालून दाखले आल्यामुळे. आणि विषय संपलाय असंही नाही. २०२२ साली नाशिक-नगर भागात मेंढ्या राखण्यासाठी थोड्या पैशांत दिलेली कातकरी मुलं सापडली.

पैसा कुणाचा, त्यावर दार ठरतं

पालघरमध्ये आज दोन प्रकल्प शेजारी ठेवून पाहिले की हे तंत्र उघडं पडतं.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन याच जिल्ह्यातून जाते. खर्चाचा सुमारे ८१ टक्के वाटा जपानच्या कर्जातून. हे कर्ज देणाऱ्या 'जायका' या संस्थेचे पर्यावरण आणि समाजाविषयी स्वतःचे नियम आहेत, त्यात आदिवासींसाठी वेगळा भाग आहे. नियम मोडले असं वाटलं तर प्रकल्पामुळे बाधित होणारे किमान दोन रहिवासी थेट त्या संस्थेकडे आक्षेप नोंदवू शकतात. २०१८ मध्ये पालघरमधल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. त्या ठरावांना टोकियोत वाचक होता, कारण पैसा टोकियोचा होता.

आता सूर्या. धामणी आणि कवडास ही धरणं आदिवासी भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी बांधली गेली. त्याच पाण्यातून एमएमआरडीएची योजना झाली, रोज ४०३ दशलक्ष लिटर, वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी. लाभक्षेत्रातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. शहरातल्या नळाला पाणी आलं हेही खरं, आणि टँकरवर जगणाऱ्या नालासोपाऱ्याच्या चाळीला त्याची गरज नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण योजनेचा पैसा एमएमआरडीएचा असल्यानं इथे कुठल्या परदेशी बँकेची खिडकी नाही. हक्काचा प्रश्न तसाच, देखरेख मात्र शून्य.

ओडिशाच्या नियमगिरीत दार आणखी वेगळं निघालं. खाण कंपनी वेदांत लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली होती, म्हणून तक्रार ब्रिटनमध्ये झाली. सप्टेंबर २००९ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं कंपनीनं डोंगरिया कोंध समाजाशी नीट सल्लामसलत केली नाही असा निष्कर्ष काढला. कंपनीची बदनामी झाली, काम थांबलं नाही. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांनी ठरवावं असं सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. त्या नकारावर खाण अडली.

म्हणून चांदीपचा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. बाहेरच्या नजरेला धरायला जागा लागते, आणि भारतात ती जागा ग्रामसभा आहे. भारत सरकार जिनिव्हात आपली बाजू मांडताना पाचवी अनुसूची आणि पेसा यांचा दाखला देतं. वसईच्या पूर्वेला यातली पहिली गोष्ट आहे, दुसरी शहराच्या हद्दीशी येऊन थांबते. अहवालातलं वाक्य खोटं नसतं, पण ते कुठवर खरं आहे हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येऊ नये ही महसूल कायद्याच्या कलम ३६ अ ची तरतूद शहरातही लागू आहे, एवढा आधार उरतो. पण ती एकेका खातेदाराची ढाल आहे, गावाची नाही.

देशातच एक देखरेख आहे, जिची आठवण कमी काढली जाते. पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. खाखा समितीनं २०१४ मध्ये या अहवालांच्या दर्जावर बोट ठेवलं होतं. महापालिकेत गेलेल्या अनुसूचित गावांचं काय झालं, हे लिहायची खरी जागा तीच.

आणि बाहेर जाणाऱ्या दारांपैकी एक अजून उघडं आहे, ज्याला ना निमंत्रण लागतं ना परदेशी कर्ज. करार १०७ किंवा सक्तीच्या मजुरीचा करार पाळला जात नाही असं वाटलं, तर देशातली कामगार संघटना श्रम संघटनेच्या तज्ज्ञ समितीला आपली निरीक्षणं थेट पाठवू शकते. एकटा माणूस किंवा एखादं मंडळ पाठवू शकत नाही, ती कामगारांची किंवा मालकांची संघटनाच हवी. निरीक्षणं पोहोचण्याची शेवटची तारीख १ सप्टेंबर असते.